खोंडवाडी विकणे आहे, राखणदार बाईसह

"विकणे आहे. आर्णीजवळ निसर्गाच्या कुशीत शंभर वर्षांची ऐतिहासिक खोंडवाडी. दगडी गोठे, बारमाही विहीर, चिंचेची सावली. रिसॉर्टसाठी उत्तम."

ऐतिहासिक हा शब्द भारत नावाच्या दलालाचा. तो हा शब्द फोनवर टाइप करत चिंचेखाली उभा होता, तेव्हा उज्ज्वला त्या इतिहासातले शेण काढत होती. सकाळ रोजचीच होती. धारा काढून झाल्या होत्या, तांबड्या गाईने पुन्हा बादली लाथाडली होती आणि उज्ज्वलाने तिला पुन्हा तीच शिवी दिली होती.

वाडीचे मालक मारोतराव. त्यांच्या आजोबांनी इथे खोंड वाढवायला सुरुवात केली. कापसाच्या बंड्या ओढणारी जोडी हवी, की लांबलांबचे शेतकरी खोंडवाडीला येत. बंड्या गेल्या, ट्रॅक्टर आले. दावणीला आता थोड्या गाई आणि एक बैलजोडी उरली.

आणि उज्ज्वला उरली.

ती मारोतरावांची थोरली सून. नवरा सुनील पांढरकवड्याजवळ हायवेवर ट्रकखाली गेला. तेरवी झाली आणि सासू तानाबाई म्हणाली, "वाडीवर राय काही दिवस. ढोरावासरात मन रमते." ते काही दिवस अजून चालूच आहेत. घरचे सगळे आर्णीत स्लॅबच्या घरात राहतात. धाकट्या मुलाचे, कपिलचे लग्न तिथेच झाले. लग्नाचे सगळे दूध वाडीवरून गेले. दूध काढणारीला मात्र निरोप आला, "हळदीच्या दिवशी पांढरं कपाळ समोर कायले?"

"सोबत बैलजोडी. पारंपरिक पोळा पाहण्याची संधी."

पोळ्याचेही सांगतो, जाहिरातीत निघालेच आहे तर. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकायचे, हळद आणि तूप चोळायचे. हे काम उज्ज्वलाचे. मग बैलांच्या कानाशी म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." हेही तीच म्हणते. दुसऱ्या दिवशी धाकटी सून अर्पिता आरतीचे ताट घेऊन येते, बैल पुरणपोळी खातात आणि उज्ज्वला गोठ्यामागे उभी राहते. तिची सावली ताटावर पडू नये म्हणून.

त्या घरात बैलाला आवतन असते.

"विश्वासू राखणदार बाई सोबत मिळेल. वऱ्हाडी स्वयंपाकात निपुण. रात्रंदिवस वाडीवरच मुक्काम."

थांबा. हे पुन्हा वाचा. शेकडो लोकांनी वाचले आणि फोन करून विहिरीला पाणी किती, रस्ता कसा, एवढेच विचारले. बाई सोबत कशी मिळते, हे एकानेही विचारले नाही.

उज्ज्वलाला ते नागपूरच्या गिऱ्हाइकाकडून कळले. नवराबायको गाडीतून उतरले; वाडी दाखवायला मारोतराव आणि कपिल आले होते. बाईने गोठे पाहिले, विहिरीत डोकावली आणि उज्ज्वलाकडे वळून हसत विचारले, "जाहिरातीतल्या बाई तुम्हीच ना?"

"कोणत्या जाहिरातीतल्या?"

तिने फोनवरून वाचून दाखवले. प्रेमाने, मोठ्याने. मग मारोतरावांना विचारले, "यांना पगार काय देता?"

"पगार कायचा?" मारोतराव म्हणाले. "दोन टाइम खाते, इथंच राह्यते. तिले जायले जागा नाई."

उज्ज्वलाच्या हातात गव्हाणीतला कडबा होता. तो तिने खाली ठेवला. आवाज आला तो गाईला हाकारताना यायचा तसा, पार रस्त्यापर्यंत पोचणारा.

"मामाजी, मी कोण व्हय ते सांगा ह्याइले."

मारोतराव चिंचेकडे पाहू लागले.

"वहिनी, आत जा," कपिल म्हणाला.

"वहिनी म्हणाले ना तुम्ही? आयका हो बाई. मी ह्याइच्या थोरल्या पोराची बायको. राखणदार नाई. सून व्हय."

नागपूरची बाई नवऱ्याकडे पाहत राहिली. तो फार भला माणूस होता असे नाही. त्याला कोर्टकचेरी नको होती. "आधी घरचं मिटवा," एवढे बोलून त्याने गाडी वळवली. चार दिवसांनी त्याच्या वकिलाचा निरोप आला, थोरल्याच्या विधवेची सही असेल तरच व्यवहार होईल.

आणि कपिल मोटरसायकल घेऊन वाडीवर आला. हसत आला. "वहिनी, उद्या घरी जेवाले या. आईनं आवतन धाडलं."

या आवतनात काय शिजले आहे, हे तिला कळत होते. तरी ती गेली.

पहिल्यांदा तिला समोरच्या दारातून आत घेतले. पाट मांडला होता, पुरुषांच्या ओळीत. पाटाशेजारी नवे लुगडे घडीवर ठेवले होते. तानाबाई स्वतः वाढायला बसली. "खाय वो. किती वाळली तू," म्हणाली आणि पोळीवर तूप ओतले.

उज्ज्वला जेवली. पुरणपोळी मागून घेतली, कढी मागून घेतली, भज्याची थाळी जवळ ओढली. तानाबाई वाढत राहिली, चेहरा आखडत गेला. शेवटी कपिलने कागद पुढे केला.

"हे घरातलंच आहे. इथं फक्त सही करा."

"वाडी इकल्यावर मी कुठं राहू?"

"तिथंच राहसान ना. ते लोक ठेवून घेतात म्हणते."

"ठेवून घेतात," उज्ज्वला म्हणाली. "भाऊजी, सुनीलच्या हिश्श्याची वाडी आधी माह्या नावानं वायली काढा. मंग उरलेली तुमी इका नाईतर जाळा. ह्या कागदावर सही होत नाई."

तानाबाईने तुपाची वाटी जमिनीवर आपटली. "माह्या पोराले खाल्लं तुह्या पायगुणानं. आता घर खातं का?"

"तुमचं पोरगं ट्रकनं मारलं, आई. ट्रकवाला आजबी गाडी चालवते. त्याले कोणी गोठ्यात नाई धाडलं."

अर्पिता कढीचे भांडे हातात धरून दारात उभी होती. पाच वर्षांत या घरात तिचा चढा आवाज कोणी ऐकला नव्हता.

"आई," ती कपिलकडे बोट करून म्हणाली, "ह्याइले काही झालं, त मले कोणत्या गोठ्यात ठेवसान?"

"अभद्र बोलू नोको," तानाबाई ओरडली.

"बोलली त अभद्र. अन् तुमी ताईसंग इतकी वर्सं जे करून राह्यले, ते काय व्हय?"

कपिल उठून उभा राहिला. "अर्पिता, आत जाय."

"मी इचारलं ते सांगा आधी."

कपिल बापाकडे पाहू लागला. मारोतरावांनी ताटातला घास ताटातच ठेवला. अर्पिता तिथेच उभी राहिली, भांड्यावरची बोटे पांढरी होईपर्यंत.

उज्ज्वलाने नवे लुगडे उचलून बाजूला सारले, पाटावर सरकून जागा केली.

"ये, बस," ती म्हणाली. "तू जेवली नाईस अजून."

आणि पुरुषांची पंगत उठायच्या आधी, त्यांच्याच ओळीत, त्या घरातली धाकटी सून जेवायला बसली.