ओंगळ गूळ

दुपारचं आदण, म्हणजे काहिलीभर रसाचा गूळ, बसलं नाही. साच्यांत ओतून बराच वेळ झाला तरी गूळ बोटाला चिकटत होता, आणि थोड्या वेळाने तर लाकडी चौकटींच्या फटींतून खाली गळायला लागला. पान्फिलोमामाने हातातला लांब दांड्याचा झारा भिंतीशी आपटला.

"लागली नजर! आता ह्येचा बी काढ की व्हिडिओ."

"मामा, ऊस कोवळा होता. ओढ्याकडचा. त्याला मी काय करू?" नोएमी म्हणाली.

"काय करू म्हनं! काल काहिलीवर वाकून काय बोललीस? 'सोन्यासारखा गूळ.' समद्या दुनियेला आयकू जाईल असं. तुज्या बापानं चाळीस वर्सं गूळ केला. कवा त्येच्या तोंडातनं 'चांगला' असा सबूद आयकलास?"

नोएमीने ऐकला नव्हता. ला पाल्मिता या त्यांच्या गावात तो कुणीच काढत नसे. रस उकळून पाक घट्ट व्हायला लागला, त्याचे बुडबुडे बैलाच्या डोळ्याएवढे झाले, की काहिलीभोवतीची माणसं त्याला नावं ठेवायला सुरुवात करायची. काय हा रंग, काय हा वास, डुकरं तरी खातील का. जितका गूळ चांगला उतरायचा तितकं तोंड वाईट सुटायचं. नजर लागू नये म्हणून वासरालाही ओंगळ म्हणायचं, कॉफीच्या बहरालाही, पाळण्यातल्या लेकरालाही. नोएमी जन्मली तेव्हा तिच्या बापाने, अर्सेनियोने, दुपट्यात डोकावून "कसली ओंगळ पोर झालीय" म्हटलं होतं आणि तिथेच सुईणीसमोर हुंदके देऊन रडला होता. तेव्हापासून तो तिला ओंगळीच म्हणायचा, आणि आईही. बुकारामांगा शहरात नोकरीला गेल्यावरही रविवारी फोन यायचा तो याच हाकेने.

तो चार महिन्यांमागे गेला. काहिलीसमोरच्या ओंडक्यावर टेकला तो उठला नाही. नऊ दिवसांच्या प्रार्थनेपुरती आलेली नोएमी परत गेली नाही. आई, दियोसेलिना, बापाच्या जागी गुळव्या म्हणून उभी राहिली. आणि मुलगी कॅमेरा घेऊन.

कॅमेऱ्याशिवाय इलाज नव्हता. बाजारातले व्यापारी साखर घातलेला स्वस्त गूळ उचलायला लागले होते. शहरातल्या एका मोठ्या दुकानाने ला पाल्मिताचा सगळा गूळ घ्यायची तयारी दाखवली होती, पण आधी लोकांनी तो मोबाइलवर मागायला हवा, अशी अट. शनिवारी ते ठरवणार होते. नाही म्हणाले तर गुऱ्हाळ मिळून चालवणाऱ्या आठ घरांचा ऊस मद्याच्या कारखान्याच्या ट्रकांत भरायचा आणि गुऱ्हाळाचं चुलवाण विझवायचं. आज बुधवार होता.

दुकानातर्फे जाहिरातीचं बघणारा फाबियान रोज फोन करायचा. पोरगा वाईट नव्हता, घाईत होता.

"ताई, सोन्यासारखा, आईच्या हातचा, निसर्गाच्या कुशीतला... हे सगळे म्हणतात हो. मध विकणारेही म्हणतात, साबण विकणारेही. माणसं दोन सेकंदात अंगठ्याने वर ढकलतात. तुमचं स्वतःचं काहीतरी हवं. अस्सल."

"अस्सल म्हणजे काय दाखवू?"

"तुमचे वडील गेलेत ना? ते वापरा."

नोएमी "नाही," म्हणाली आणि फोन ठेवला.

गुरुवारी तिने मामाला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. एरवी सात माणसांचं बोलणारा तो माणूस, टोपी छातीशी धरून मयताला आल्यासारखा उभा राहिला.

"बोल की मामा."

"काय बोलू? चांगला म्हनायचं न्हाई, आन् वाईट म्हनलं तर इकत कोन घेनार?"

चुलवाणात चिपाड सारणारे दोघे फिस्कन हसले. संध्याकाळपर्यंत हाती काही लागलं नाही. नदीकडून सुटलेल्या कोरड्या वाऱ्याने सगळ्या आवारात लाल धुरळा मात्र भरला.

शुक्रवारी सकाळी दियोसेलिना स्वतःच म्हणाली, "काहिलीपाशी ये. घे काय घ्यायचं त्ये. पर माज्या तोंडाला हात लावायचा न्हाई. जे म्हनाया पायजे त्ये मी म्हननार."

पाक चढला. दियोसेलिनाने गार पाण्यात हात बुडवला, तोच हात पाकात घालून गोळी उचलली, दातांखाली तोडली. गोळी काचेसारखी कट्कन वाजली. तिचं तोंड सुटलं.

"आगं बया, काय ह्यो गूळ! ओंगळ! गटारीवानी रंग. मेलेल्या मानसाला पाजला तर त्यो उठून शिव्या दील. कोन खानार तुला? माजी सवत बी खायाची न्हाई. बगा, बगा कसा फुगतोय, लाज हाय का? पान्फिलो, उतरीव लवकर, तोंड बगवंना मला ह्येचं!"

आणि हे सगळं बोलताना ती त्या काहिलीकडे अशी बघत होती, की नोएमीने कॅमेऱ्यावरून नजर खाली घेतली. नवऱ्याच्या अंत्यविधीनंतर आई पहिल्यांदाच इतकं बोलली होती. तिने त्यातलं अक्षरही कापलं नाही. आहे तसं मोबाइलवर टाकलं.

दुपारपर्यंत सगळा देश हसत होता. कुणी लिहिलं, मला पाच ढेपा ओंगळ. कुणी लिहिलं, या बाई माझ्या सासूला शिकवणी देतील का. एका मुलीने विचारलं, तुमच्याकडे माणसांनाही असंच म्हणतात का? नोएमी त्या तंद्रीत होती. आठवड्यात पहिल्यांदा हसली होती. तिने लगेच उत्तर टाकलं: हो. माझे बाबा मला जन्मभर ओंगळी म्हणाले.

टाकलं आणि चहासारखं उकळलेलं गूळपाणी प्यायला गेली.

परत आली तेव्हा ते वाक्य तिचं राहिलं नव्हतं. हजारो लोकांनी ते उचललं होतं. फाबियानचा फोन आला तो ओरडतच.

"ताई, दुकानवाले हो म्हणाले! उद्याची वाट बघायलाच नको. खोक्यावर एकच शब्द, मोठ्ठा: ओंगळ. आणि खाली बारीक अक्षरात, 'बाप लेकीला म्हणायचा तसा.' असलं कुणाकडेच नाही!"

"ती खालची ओळ नको."

"अहो, तुम्हीच तर लिहिलीत."

ते खरं होतं. त्याला द्यायचं नाही म्हणून जे तिने फोन ठेवून राखलं होतं, ते तिने आपल्या हाताने, कुणी न मागता, एका अनोळखी मुलीला देऊन टाकलं होतं.

संध्याकाळी आठही घरची माणसं गुऱ्हाळात जमली. तिने सगळं सांगितलं, खालच्या ओळीचंही. कुणी तिकडे खाऊ म्हणून खातात त्या भाजलेल्या मुंग्या चघळत होतं, कुणी जमिनीकडे बघत होतं. दियोसेलिना म्हणाली, "चुलवाण पेटतं ऱ्हायलं पायजे. तुज्या बापानं बी ह्येच म्हनलं असतं." म्हटलं असतं की नाही, कोण सांगणार. नोएमीने फाबियानला होकार कळवला.

अडचण पुढच्या आठवड्यात मामाच्या ध्यानात आली, काहील उकळत असताना.

"आवं, आता आदनावर काय म्हनायचं?"

"ओंगळ म्हन की," चुलवाणातला एक जण म्हणाला.

"आरं, ती शिवी कुटं ऱ्हायली? खोक्यावर छापलीय. लोकं हौसंनं मागत्यात. आता ओंगळ म्हनलं म्हंजे कवतिकच झालं की! लागंल नजर."

कुणी हसलं नाही. दियोसेलिनाने गोळी तोडली आणि ओठ मिटून मान हलवली. पाक साच्यांत ओतला. गुऱ्हाळात चरकाची घरघर सोडून आवाज नव्हता. एवढी माणसं काहिलीभोवती गप्प उभी असलेली नोएमीने कधी पाहिली नव्हती. गूळ बसला. चांगला बसला.

त्यानंतरच्या सोमवारी दुकानाचा ट्रक आला. ड्रायव्हर परका, गडगड्या आवाजाचा. उतरतानाच त्याने आवारभर हाक दिली.

"ओंगळे! कुठंय आमची ओंगळी? सही पाहिजे!"

नोएमी खोकी बांधत होती. तिने मान वर केली, हात पुसले, हसली आणि सही केली. ड्रायव्हरने तिच्याबरोबर फोटोही काढून घेतला. ट्रक धुरळा उडवत घाटाला लागला.

दियोसेलिना मागे उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. ती म्हणाली,

"मग आता तुला काय म्हनून हाक मारू गं?"

नोएमीने चिकटपट्टीचं टोक नखाने शोधलं, सापडेना, पुन्हा शोधलं.

"हाक कशाला मारायची, आई," ती म्हणाली. "मी हितंच हाय."

दियोसेलिनाने दुसरं खोकं तिच्यापुढे सरकवलं, आणि वरची झाकणं दोन्ही हातांनी दाबून धरली.