आखूड मानेचा बेस

बेस गिटार विकत घ्यायला गेलेला माणूस आधी आवाज ऐकतो, मग रंगावर भाळतो आणि शेवटी वजनाचा विचारच न करता ती खांद्याला लावून घरी येतो. खर्जने आजवरच्या चारही गिटारी अशाच घेतल्या होत्या. पाचवीच्या वेळी मात्र त्याने तार छेडायच्या आधी डाव्या हाताची बोटं तिच्या मानेवर, म्हणजे तारा दाबायच्या दांडीवर, पसरली, करंगळी कुठवर जाते ते पाहिलं, आणि दुकानात ओळखीचं कोणी नाही ना, म्हणून मागे वळून बघितलं.

खर्ज हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खालच्या सुरांचा धंदा करणारा म्हणून बँडने त्याला ते चिकटवलं आणि ते इतकं चिकटलं, की बायकोसुद्धा रागावली की त्याच नावाने हाक मारायची. बेसवाल्याचं नशीबच तसं. तो वाजवतो तेव्हा कोणाचं लक्ष नसतं आणि तो थांबला की लोक म्हणतात, काहीतरी कमी वाटतंय बुवा. काय कमी वाटतंय ते त्यांना अजूनही कळलेलं नसतं.

करंगळी बधिर व्हायला लागली तेव्हा खर्जने आधी तिच्याकडे कानाडोळा केला. मग अनामिकेलाही मुंग्या यायला लागल्या. कोपरातली नस दबली आहे, असं डॉक्टर म्हणाले आणि हाताला विश्रांती द्या, असंही म्हणाले. डॉक्टरांचं काय जातं म्हणायला! लांब मानेच्या बेसवर सुरुवातीचे फ्रेट, म्हणजे मानेवरच्या त्या आडव्या धातूच्या पट्ट्या, एकमेकींपासून इतक्या दूर असतात, की करंगळी ताणल्याशिवाय भागत नाही. ती ताणायला गेलं की तार नीट दाबली जायची नाही आणि सुराऐवजी नुसती खरखर यायची. आखूड मानेच्या बेसवर पट्ट्या जवळजवळ असतात, हात कमी ताणावा लागतो. म्हणून ही पाचवी.

बँडला सांगायचं कारण त्याने वाटेतच तयार केलं.

"आवाज गोल येतो हिचा," तो मास्तरला म्हणाला. मास्तर म्हणजे बँडचा प्रमुख, कीबोर्डवर बसणारा, खर्जचा जुना दोस्त. कारण तसं खोटं नव्हतं. आखूड मानेचा आवाज गोल येतोच. चांगल्या थापेत निम्मं खरं असावं लागतं.

"गोल तर तूही दिसतोयस," ड्रमवाला म्हणाला. त्याला सगळे भूकंप म्हणत. "पोटावर ती बटव्यासारखी लोंबतेय, खर्ज्या. खेळण्यांच्या दुकानातून आणलीस का?"

सगळे हसले, खर्जही हसला. नजर मात्र त्याने मास्तरवर ठेवली होती. मास्तर वाईट माणूस नव्हता. पण बँडमधल्या ट्रम्पेटवाल्याचे पुढचे दात गेले, तेव्हा मास्तरने त्याला मिठी मारली, डोळ्यांत पाणी आणलं, आणि पुढच्या कार्यक्रमाला त्याच जागी दुसरा ट्रम्पेटवाला उभा केला. खर्जला ते आता उठता बसता आठवत होतं. बेस वाजवण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं, आणि ज्याला दुसरं काही येत नाही त्याला हे एक गेलं तर काय, हा प्रश्न आंघोळ करतानाही सोडत नाही.

घरी बायकोने नवी गिटार बघितली. "अहो, थोरल्या चौघींना आधी उजवा, मग धाकटी आणा," ती म्हणाली. तिला बोटांचं माहीत होतं. चहाचा कप त्याच्या हातातून दोनदा निसटला तेव्हाच तिने ते ओळखलं होतं. "मास्तरांना सांगितलंत का?"

"सांगतो."

"सांगतो नको. सांगितलं, असं ऐकायचंय मला."

तो दुसऱ्या खोलीत जाऊन सराव करायला लागला. आणि तिथे नवीनच संकट उभं राहिलं. हाताला लांब मानेची सवय. खालच्या सुरावरून वरच्या सुराकडे उडी मारायची असली, की हात डोक्याला न विचारता निघायचा आणि ठरल्या अंतरावर जाऊन थांबायचा. पण या मानेवर ते अंतर आखडलेलं. हात सवयीने पोचायचा तो नेमका एक पट्टी पुढे, म्हणजे अर्धा सूर वर. बघून वाजवलं तर काही अडचण नव्हती. नजर मानेवर ठेवली की उडी अचूक पडायची.

पण खर्ज कार्यक्रमात मानेकडे बघत नसे. तो गाणाऱ्याच्या खांद्यांकडे बघायचा. श्वास भरताना खांदे वर जातात, सूर लागताना खाली येतात, आणि ते खाली येतात त्याच क्षणी बेसचा सूर पडला तर गाणाऱ्याला पायाखाली फरशी असल्यासारखं वाटतं. ही त्याची स्वतःची रीत होती आणि बँडमध्ये आलेल्या प्रत्येक गायकाने तिचं कौतुक केलं होतं.

आता गायला होती ती नवी. तिलाही नाव होतं, पण तिसऱ्या कार्यक्रमापर्यंत मास्तर येणाऱ्या प्रत्येक गायिकेला नवीच म्हणत असे. मुलगी हुशार, आवाज मोकळा, फक्त स्वतःवर भरवसा शून्य. स्टेजवर चढण्याआधी ती हमखास खर्जशेजारी येऊन उभी राहायची. "खर्जदादा, तुम्ही आहात ना, मग मला भीती नाही," ती म्हणायची. पूर्वी त्याला हे ऐकून बरं वाटायचं. हल्ली त्याला घाम फुटायचा.

तिचा तिसरा कार्यक्रम एका कारखान्याच्या वर्धापनदिनाला होता, भर दुपारी, जेवणाच्या हॉलमध्ये, टेबलं भिंतीला सारून. हॉल असा घुमत होता की खुर्ची सरकवली तरी मेघगर्जना. पहिली चार गाणी खर्जने मानेवरून नजर न हलवता वाजवली. कोणाच्या लक्षात आलं नाही. पाचवं गाणं संथ होतं. त्यात एका जागी सगळी वाद्यं थांबतात, नवी एकटी एक लांब सूर धरते, त्याच्याखाली बेस येतो आणि मग मास्तर कीबोर्डवर हळूच सामील होतो.

वाद्यं थांबली. भूकंप काठ्या ठेवून मऊ ब्रश शोधायला खाली वाकला. नवीने श्वास घेतला, आणि खर्जने इतक्या वर्षांच्या सवयीने तिच्या खांद्यांकडे बघितलं. खांदे खाली आले. हात निघाला. अर्धा सूर वर पडला.

त्याला पडता पडताच कळलं. नवीचा सूर आधी अगदी बरोबर लागला होता. खालून बेस आला तसा तो डळमळला आणि सरकत सरकत वर, खर्जच्या चुकीपाशी जाऊन टेकला. खर्जने घाईने बोट एक पट्टी मागे घसरवलं. तेवढ्यात मास्तरचा कीबोर्ड आला, बरोबर सुरात. बेस बरोबर, कीबोर्ड बरोबर, आणि नवी एकटी वर लटकलेली. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी तोंड वाकडं केलं. मास्तरच्या कपाळाला आठी पडली. त्याच्या बाजूच्या छोट्या स्पीकरमधून त्याला फक्त गाणाऱ्याचा आवाज आणि स्वतःचा कीबोर्ड ऐकू येत असे.

बेसच्या चुकीची गंमत ही, की ती बेसच्या नावावर कधी जमा होत नाही. लोकांना वाटतं गाणारा बेसूर झाला. ही गंमत खर्ज नव्या लोकांना हसत हसत सांगायचा. त्या दुपारी तारा पुसताना त्याला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे तालमीच्या खोलीत जमले. खोली चपलांच्या दुकानाखाली होती, रबराचा आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांचा वास तिथून कधी जात नसे. येत्या शनिवारपासून एका हॉटेलात दर आठवड्याला वाजवायचं ठरलं होतं आणि गायला नवीलाच ठेवायचं की दुसरी शोधायची, याचा निकाल आज व्हायचा होता. खर्जने रात्रभर एकच हिशेब केला होता. भूकंप वाकलेला होता, मास्तरला ऐकू आलं नाही, हॉल घुमत होता. म्हणजे कोणाला कळलेलं नाही. हे त्याने शंभरदा घोकलं होतं.

"साउंडवाल्याने रेकॉर्डिंग पाठवलंय," मास्तर म्हणाला आणि त्याने फोन टेबलावर ठेवला.

साउंडवाला रेकॉर्ड करत होता हे खर्जच्या गावीही नव्हतं. साउंडवाल्याकडे प्रत्येक वाद्याची वायर जाते, बेसचीही. आता सगळं बाहेर पडणार. तो खोक्यांना टेकून उभा राहिला आणि बधिर करंगळी दुसऱ्या हाताने दाबत राहिला.

गाणं वाजायला लागलं. ती जागा आली. वाद्यं थांबली, नवीचा सूर लागला, डळमळला, वर सरकला, लटकला. संपलं. बेस कुठे होताच कुठे? फोनच्या त्या नखाएवढ्या स्पीकरातून खालचे सूर येतच नाहीत. रेकॉर्डिंगमध्ये खर्ज होता, पण खोलीत त्याचा पत्ता नव्हता.

त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि वाटलं त्याच क्षणी लाजही वाटली. पण सुटल्यासारखं आधी वाटलं, हे खरं.

"बाई गं," मास्तर शक्य तितक्या मऊपणे म्हणाला, "सूर बरोबर लागला होता की तुझा. मग वर का नेलास?"

नवीने पुन्हा ऐकवायला सांगितलं. पुन्हा तेच. ती फोनला कान लावून बसली होती.

"मला वाटलं, खर्जदादांचा सूर वरचा आला," ती म्हणाली. "म्हणजे मला तसं ऐकू आलं. माझा सूर मला बरोबर वाटत होता, पण दादा चुकतील कसे? म्हणून मी माझा सोडला आणि त्यांच्यामागे गेले." तिने फोन टेबलावर ठेवला. "माझा कानच गेलाय, सर. हॉटेलसाठी दुसरी कोणी बघा. ज्याला स्वतःचा सूर ऐकू येत नाही त्याने गाऊ नये."

"अगं, लगेच असं नको," भूकंप म्हणाला. पण मास्तर काही बोलला नाही, आणि मास्तर बोलत नाही तेव्हा ठरलेलं असतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नवी उठली, पिशवी खांद्याला लावली. रडत नव्हती. ती दारापाशी पोचली असती, जिना चढली असती, आणि खर्ज शनिवारी हॉटेलात आखूड बेस पोटावर बांधून उभा राहिला असता. कोणाला कधीच कळलं नसतं.

"मास्तर," तो म्हणाला. "मास्तर, हे मोठ्या स्पीकरला जोड."

"कशाला? ऐकलं ना."

"जोड तू."

भूकंपने वायर शोधली. नवी दारात थांबली. गाणं सुरू झालं, खोलीतली खोकी थरथरली. वाद्यं थांबली. नवीचा सूर लागला, स्वच्छ, नेमका. आणि त्याच्याखाली ठणठणीत, गोल आवाजात, खर्जचा चुकलेला सूर आला. मग घाईने मागे घसरलेलं बोटही ऐकू आलं. भूकंपने तोंडातल्या तोंडात शिवी हासडली. उरलेलं गाणं कोणी बंद केलं नाही, ते वाजत राहिलं.

"करंगळी जात नाही माझी," खर्ज म्हणाला. त्याने डावा हात पुढे केला, जणू त्यात काही दिसणार होतं. "दोन बोटं बधिर आहेत. म्हणून आखूड बेस घेतला. आवाज बिवाज सगळ्या थापा."

नवी त्याच्याकडे बघत नव्हती. ती स्पीकरकडे बघत होती.

"म्हणजे मला बरोबर ऐकू आलं होतं," ती म्हणाली. मग खर्जकडे वळून, रागाने नव्हे, पण पहिल्यांदाच दादा न म्हणता तिने विचारलं, "आणि तुम्ही मला दारापर्यंत जाऊ दिलंत?"

ती पिशवी खाली ठेवून परत आपल्या जागी बसली.

मास्तरने शेवटी गाणं थांबवलं. "मला आधी का नाही सांगितलंस?" त्याच्या आवाजात दुखावल्याचा सूर होता, मैत्रीतला. "एवढ्या वर्षांत मी परका झालो का?"

"सांगितलं असतं तर शनिवारी ठेवलं असतंस मला?"

मास्तरला तोंडदेखलं काही बोलता आलं असतं. त्याने तोंड उघडलंही. मग खर्जच्या पुढे केलेल्या हाताकडे त्याची नजर गेली. तो हात अजून तसाच हवेत होता, मागे घ्यायचं खर्जला सुचलंच नव्हतं.

"नाही," मास्तर म्हणाला, आणि त्याने फोनवर दुसऱ्या बेसवाल्याचा नंबर शोधायला घेतला.