येसेनियाला न्यायचं राहून गेलं

मी टटल लॉन्ड्रीची जुनी व्हॅन आहे. 'जुनी' हा शब्द मला आवडत नाही, पण माझ्या मागच्या दाराचा गंज बघून तुम्ही तो वापरणारच, तेव्हा मीच आधी वापरून टाकते. मित्रांनो, सध्या मी लॉन्ड्रीच्या मागच्या आवारात उभी असते. टेक्ससच्या या टोकाला वारा सुटला की वाळू उडते. ती माझ्या काचांवर बसते आणि हल्ली कुणी पुसत नाही.

माझा जन्म मिझुरीतल्या कारखान्यात झाला. रॉइस टटल यांनी मला इथे आणलं आणि माझ्या दोन्ही बाजूंना निळ्या अक्षरांत लॉन्ड्रीचं नाव रंगवून घेतलं. ते वारले तेव्हा सगळा कारभार त्यांच्या पत्नी व्हर्नाबाईंवर आला. बाई तोंडाने फटकळ, पण मनाने फार मायाळू. इस्पितळाच्या आणि मोटेलांच्या मळक्या चादरी आणायच्या, धुऊन इस्त्री करून परत द्यायच्या, हे आमचं काम. दर गुरुवारी मी राज्याची हद्द ओलांडून न्यू मेक्सिकोत क्लोव्हिसपर्यंत जात असे. ज्या वर्षी बर्फाच्या वादळात गावाची वीज गेली, त्या वर्षी मी घरोघर कोरडी ब्लँकेटं पोचवली होती. वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात मी पुढे आहे आणि व्हर्नाबाई मागे आहेत, हे मी मुद्दाम सांगते.

त्या लॉन्ड्रीत येसेनिया बरासा नावाची बाई अकरा वर्षं इस्त्रीच्या मोठ्या यंत्रावर होती. चादरीला एक चुणी राहू द्यायची नाही. नवरा तेलविहिरींवर कामाला, दोन-दोन आठवडे घरी नसायचा. घरी दोन मुली. मुलींच्या वेण्या घालून, डबे भरून ती सकाळी सहाला हजर व्हायची. यंत्राच्या वाफेत उभं राहून ती स्पॅनिश गाणी गुणगुणायची आणि व्हर्नाबाई बाहेरून ओरडायच्या, "अगं, निदान सुरात तरी म्हण!"

मार्चमध्ये तिचं गाणं बंद झालं. एका दुपारी व्हर्नाबाई तिला इस्पितळातून घरी सोडायला निघाल्या होत्या. येसेनिया माझ्या पुढच्या सीटवर बसली होती. बाईंना ती इथल्या रीतीने आदराने 'मिस व्हर्ना' म्हणे.

"काय म्हणाले डॉक्टर?" व्हर्नाबाईंनी विचारलं.

"दिवस गेलेत, मिस व्हर्ना. पण मागच्या बाळंतपणाला पोट फाडलं होतं ना, त्याच टाक्यांच्या जागी गर्भ धरलाय. वाढला तर टाके उसवतील म्हणे."

"मग? आता काय करायचं म्हणतात?"

"टेक्ससच्या कायद्याने गर्भ पाडायला बंदी आहे, इथे काही करता येत नाही म्हणाले. रक्त जायला लागलं तर या, मग बघू. आणि मग त्यांनी दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, न्यू मेक्सिकोत तुमचे कुणी नातेवाईक आहेत का? असले तर लवकर भेटून या. मी म्हटलं, माझं तिथे कुणीच नाही. माझे सगळे तिकडे मेक्सिको देशात, चिवावात. ते नुसते बघत राहिले माझ्याकडे."

व्हर्नाबाईंनी मला रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवलं. "अगं खुळे, तो तुला नातेवाईक नव्हता विचारत. तिकडे बंदी नाही, तिकडे जाऊन मोकळी हो, असं सांगत होता. इथे ते उघड बोलला तर त्याची डॉक्टरकी जाईल."

येसेनिया इस्पितळातला कागद दुमडत राहिली. तिला ते मूल हवं होतं, हे मला तेव्हा कळलं. ती म्हणाली, "मी देवाला मानते, मिस व्हर्ना."

"मीही मानते. आणि तुझ्या दोन मुलींनाही ओळखते. गुरुवारी चादरी क्लोव्हिसला टाकू आणि तसंच पुढे अल्बुकर्कीला मोठ्या इस्पितळात जाऊ. मी स्वतः चालवीन. रजा, खर्च, सगळं लॉन्ड्रीचं. माझ्याकडे काम करतेस तर तुझा जीव सांभाळणंही माझ्याकडेच आलं."

"पण मिस व्हर्ना, काउंटीचा तो ठराव..."

आमच्या काउंटीने, म्हणजे जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी, ठराव केला होता की, गर्भ पाडण्यासाठी एखाद्या बाईला इथल्या रस्त्यावरून जो नेईल, त्याच्यावर गावातला कुणीही खटला भरू शकेल. व्हर्नाबाईंना तो पाठ होता. "मी त्रेसष्ट वर्षांची आहे," त्या म्हणाल्या. "करू देत काय करायचंय ते." तेव्हा येसेनिया पहिल्यांदा हसली. मला फार अभिमान वाटला. मी त्याच आठवड्यात नवे टायर चढवून घेतले, म्हणजे व्हर्नाबाईंनी चढवले.

मित्रांनो, इथपर्यंत सगळं नीट होतं.

आमच्या गावात दर बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये सगळे एकत्र जेवतात. तळलेली कोंबडी असते, शेंगा असतात, केळ्याचं पुडिंग असतं. जेवणं झाली की छोटी कार्डं फिरतात. ज्याला कुणासाठी प्रार्थना हवी, त्याने त्यावर नाव लिहायचं. पाद्री ती कार्डं मोठ्याने वाचतात आणि सगळे माना खाली घालतात. व्हर्नाबाई तीस वर्षं आपल्या कामगारांची नावं लिहीत आल्या होत्या. कुणाचा गुडघा, कुणाच्या आईचं ऑपरेशन, कुणाचा दारुडा भाऊ. नाव लिहिलं नाही तर माणसाला वाऱ्यावर सोडल्यासारखं त्यांना वाटे.

त्या बुधवारी मी खिडक्यांखाली उभी होते आणि खिडक्या उघड्या होत्या. पाद्री वाचू लागले, "व्हर्ना टटल यांची विनंती. आमची येसेनिया उद्या अल्बुकर्कीला इस्पितळात जात आहे. मी तिला लॉन्ड्रीच्या गाडीतून नेणार आहे. प्रवास सुखरूप व्हावा आणि डॉक्टरांचा हात स्थिर राहावा."

लोकांनी मनापासून प्रार्थना केली, यात मी खोटं बोलणार नाही. कुणीतरी 'आमेन' इतक्या जोरात म्हटलं की काच थरथरली. पण बाहेर पडताना लोर्ना पेटी नावाच्या शिक्षिकेने व्हर्नाबाईंना माझ्या दाराशी गाठलं. येसेनियाची धाकटी मुलगी तिच्याच वर्गात होती.

"अल्बुकर्कीला कशाला गं, व्हर्ना? लबकची मोठी इस्पितळं एवढी जवळ असताना?"

व्हर्नाबाईंच्या हातातली किल्ली खाली पडली. "तिथे... तिथे एक चांगला डॉक्टर आहे."

"कशाचा?"

व्हर्नाबाईंना खोटं बोलता येत नाही. त्या वाकून किल्ली शोधू लागल्या, आणि लोर्नाला जे कळायचं ते कळलं.

गुरुवारी सकाळी लॉन्ड्रीसमोर घडीच्या खुर्च्या टाकून चौघं बसली होती. लोर्ना होती. थर्मास होता. एकजण फोनवर माझ्या नंबरप्लेटचे फोटो काढत होता. शिवीगाळ नव्हती, दगड नव्हते. लोर्ना तर रडत होती. मला वाटतं, तिचं रडणंही खरं होतं. येसेनिया पिशवी घेऊन कोपऱ्यावरून आली, त्यांना बघून थबकली आणि मागच्या आवाराकडे वळली.

"चल, बस गाडीत," व्हर्नाबाई दार उघडून म्हणाल्या. "बघू देत त्यांना. माझ्यावर खटला भरतील, तुझ्यावर नाही."

"माझ्या लेकीला उद्या त्याच वर्गात बसायचंय." येसेनिया म्हणाली. "यांना कुणी सांगितलं, मिस व्हर्ना?"

व्हर्नाबाईंनी सांगितलं. कार्ड, प्रार्थना, सगळं. येसेनियाने पिशवी खांद्याला लावली आणि मागच्या फाटकातून निघून गेली. व्हर्नाबाई हाका मारत राहिल्या. मी दार उघडं टाकून तशीच उभी होते. माझी टाकी भरलेली होती.

रविवारी सगळं गाव चर्चमध्ये असताना येसेनिया मुलींना शेजारणीकडे ठेवून एकटीच बसमध्ये चढली. तिने कुणालाच सांगितलं नाही. क्लोव्हिसच्या अलीकडे तिला रक्त जाऊ लागलं. बसचालकाने माणुसकी दाखवून बस थेट तिथल्या इस्पितळाच्या दारात नेली. ती वाचली. पण गर्भाशय काढून टाकावं लागलं. आता तिला पुन्हा मूल होणार नाही. डॉक्टर म्हणाले, तीन दिवस आधी आली असती तर एवढं काही झालं नसतं.

तिच्या पर्समध्ये व्हर्नाबाईंचा नंबर होता, म्हणून इस्पितळाने त्यांना कळवलं. आठवड्याने आम्ही तिला आणायला गेलो. ज्या रस्त्याने तिला न्यायचं होतं, त्याच रस्त्याने मी तिला परत आणत होते. खड्डा आला की ती पोटावर हात दाबायची, आणि मी जन्मात कधी चालले नसेन इतकी हळू चालत होते.

मग व्हर्नाबाई म्हणाल्या, "मी तुझ्यासाठी देवाकडे मागत होते गं."

"माहीत आहे." येसेनिया खिडकीबाहेर बघत होती. "पण देवाला मनातल्या मनात सांगितलं असतं तरी ऐकू गेलं असतं, मिस व्हर्ना."

व्हर्नाबाई समोरचा रस्ता बघत मला चालवत राहिल्या. त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

येसेनिया पुन्हा कामावर आली नाही. शाळेचं वर्ष संपताच मुलींना घेऊन ती क्लोव्हिसला राहायला गेली. व्हर्नाबाईंना त्या ठरावावरून वकिलाची नोटीस आली, दोन मोटेलांनी चादरी देणं बंद केलं आणि मला काम उरलं नाही. त्याचं मला फार वाईट वाटत नाही. गाडी म्हटली की कधीतरी उभी राहायचीच.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणी तुमच्या हाताखाली काम करील, कुणी आपलं दुखणं तुमच्याजवळ उघडं करील. तेव्हा जरूर मदत करा. गाडी द्या, रजा द्या, सोबत जा. पण त्याआधी त्या माणसाला एवढं विचारा, "हे मी कुणाला सांगितलेलं तुला चालेल का?" येसेनियाला हे कुणीच विचारलं नाही. मी तर गाडी आहे, मला बोलता येत नव्हतं. व्हर्नाबाईंना येत होतं, आणि त्यांचं तिच्यावर प्रेमही होतं.