हिरवं की लाल

धाकट्याने हिरव्या तेलाचा डबा उघडलासुद्धा होता. ताईने त्याचं मनगट धरलं.

"थांब. हेच तेल, हे कुणी सांगितलं तुला?"

"गाडीतली तेलाची टाकी बघ ना. हिरवी टाकी, हिरवं तेल. कंपनीची खूणच आहे तशी."

"अरे शहाण्या, टाकी बाबांनी रंगवलीये. खिडक्यांचा रंग उरला होता म्हणून."

उरलेला रंग बाबांना बघवायचा नाही. घरातलं स्टूल, पाण्याचा पंप, कुत्र्याचं भांडं, सगळं हिरवंगार.

बाबांच्या माघारी ती जुनी गाडी शेडमध्ये बसून होती. खरंच बसून, पोट जमिनीला टेकवून. तिला स्प्रिंगाच नव्हत्या. तेलाच्या दाबावर ती उठायची, आणि ब्रेकही त्याच तेलावर. उद्या दुपारी आईला दवाखान्यातून घरी आणायचं होतं. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, वाकून खाली बसायची मनाई. ही गाडी दांडा ओढला की हवी तेवढी उंच व्हायची. शिवाय आईने सांगून ठेवलेलं, "न्यायला येताय तर ह्यांच्या गाडीतून या."

गळका पाइप बदलून झाला होता. तेल तेवढं राहिलं होतं. पण अशा गाड्यांना हिरवं तरी लागतं नाहीतर लाल, आणि चुकीचं पडलं तर आतली रबरं फुगतात, मग ब्रेक लागले तर लागले. टाकीच्या तळाशी उरलेलं तेल चहाच्या चोथ्यासारखं काळं, त्यावरून काय कळणार?

"आईला बसवायचंय त्यात," ताई म्हणाली. "आ बैल मला मार कशाला?"

पाइपातून निघालेली जुनी रबरी रिंग तिने कापली. अर्धी हिरव्या तेलात टाकली, अर्धी लाल तेलात. लाल तेल शेजारच्या गॅरेजवाल्याकडे वाटीभरच होतं.

"आणि लाल निघालं तर? ते यायला आठवडा जाईल."

"जाऊ दे की."

सकाळी हिरव्यातला तुकडा भिजवलेल्या मनुक्यासारखा टम्म फुगला होता. लालमधला जसाच्या तसा. धाकट्याने मुकाट डब्याला झाकण लावलं आणि आईला फोन केला.

"आई, गाडी नाही येत. उंच टॅक्सी बोलावतोय."

"तुझे बाबा असते तर ओतून मोकळे झाले असते," आई म्हणाली.

"हो ना."

"आणि मी रस्त्याच्या कडेला बसले असते, वाट बघत. बसलेय की जन्मभर. टॅक्सीच आण. टाके काढायला जायचंय ना, तेव्हा काढ ह्यांची गाडी."