परमुलखाचे डोहाळे

आष्टीत डोहाळे विचारायची एक रीत होती. पाचवा महिना लागला की सासूने चार बायकांसमोर सुनेला विचारायचं, काय खावंसं वाटतं म्हणून. सुनेने आधी मान खाली घालायची, मग काहीच नाही म्हणायचं, मग चिंच, कैरी नाहीतर अंबाडीची भाजी यांतलं एक नाव घ्यायचं. शहाण्या सुना घरात असेल तेच मागत. त्यामुळे रीत सुरळीत चालली होती आणि कोणाचेही डोहाळे अपुरे राहत नव्हते.

चौपन्न सालच्या उन्हाळ्यात कांताने ती मोडली. तिच्या सासूने, यशोदाबाईंनी विचारलं तशी तिने मान खाली घातली, काहीच नाही असंही म्हणाली. इथवर सगळं नीट होतं. मग म्हणाली, "खायाचं काई नाई, आत्याबाई. मले परमुलूख पाहावा वाटते."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"कोणता मुलूख, माय?" यशोदाबाईंनी विचारलं.

"कोणताई. आपला नाई तो."

दुसऱ्या एखाद्या घरी हे हसण्यावारी गेलं असतं आणि पोरीच्या हातावर कैरी ठेवून बायका उठल्या असत्या. पण यशोदाबाईंना हसून भागण्यासारखं नव्हतं. मागच्या खेपेला कांताने बोरं मागितली होती, तीही ऐन आषाढात. आषाढात बोरं कुठून आणणार? त्यांनी तेव्हा वाळलेली बोरं उकडून दिली होती आणि सुनेने दोन खाऊन वाटी बाजूला ठेवली होती. सातव्या महिन्यात बाळ गेलं. ते बोरांमुळे गेलं याबद्दल यशोदाबाईंच्या मनात शंका नव्हती. त्यांचा मुलगा, कांताचा नवरा रूपराव नागपूरला राहून बी. ए. झालेला, गावच्या शाळेत भूगोल शिकवणारा. असल्या गोष्टींवर त्याचा मुळीच विश्वास नव्हता. फक्त तेव्हापासून रस्त्यात बोरीचं झाड आलं की तो दुसरीकडे बघत चालायचा.

"पाहू," यशोदाबाई बायकांसमोर म्हणाल्या. "मागतलं तर पुरवाच लागन."

संध्याकाळी रूपरावने शाळेतून जगाचा नकाशा आणून ओसरीत टांगला. सुटी लागली होती, त्यामुळे जगाला दुसरं काम नव्हतं. नकाशावर हिंदुस्थान अजून इंग्रजाचा, गुलाबी होता. शाळेला नवा नकाशा मंजूर व्हायचा होता. रूपरावचे वडील अण्णाजी पाटावर बसले आणि परदेशाच्या माहितीसाठी नत्थूजींना बोलावणं गेलं. नत्थूजी लढाईच्या काळात फौजेच्या भटारखान्यात होते. आष्टीत समुद्र ओलांडलेला तो एकटाच माणूस, आणि प्रत्येक देश त्यांनी स्वयंपाकघराच्या बाजूने पाहिलेला होता.

"मिसर कसा हाय?" अण्णाजींनी सुरुवात केली.

"कांदा चांगला. पाणी खारट. आन् ऊन असं, का आपला वैशाख म्हंजे सावली."

"गरवार बाईले नाई चालायचं. ब्रह्मदेश?"

"तिथं मासोळी सडवून चटणी करतेत. त्या वासानं आमचा सुभेदार तीन दिवस उठला नाई, आन् थो तर गरवारई नोयता."

ब्रह्मदेशही गेला. लंडनवर बराच वेळ चर्चा झाली. थंडी आहे, पण बाळंतिणीला थंडी वाईट, गरवारीला तितकी नाही, असं अण्णाजींचं मत पडलं. नत्थूजी म्हणाले, तिथे गरम पाण्याने रोज आंघोळ करत नाहीत. आतून यशोदाबाईंचा आवाज आला, "मंग लंडन नोको." लंडनचं तेवढ्यावरच संपलं.

हे आठवडाभर चाललं. रूपरावला मनातल्या मनात ते आवडायलाही लागलं होतं. खर्चाचं कोणी काढत नव्हतं, हे त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. सिलोनला जहाज हलतं आणि कांताच्या उलट्या नुकत्या कुठे थांबलेल्या. नेपाळला चढण. गोवा परदेश होता खरा, पण तिथे सत्याग्रह, पोलीस आणि बंद नाके. पोटुशीला घेऊन देश स्वतंत्र करायला जाणं बरं दिसलं नसतं. शेवटी रूपरावने मद्रासच्या खाली बोट ठेवलं.

"पाँडिचेरी. फ्रान्सचं राज्य आहे. आगगाडीनं जाता येतं, समुद्र ओलांडावा लागत नाही, भात मिळतो."

ओसरीत समाधान पसरलं. फ्रान्स, आणि तेही भातासकट.

"पण पेपरात येऊन राह्यलं," अण्णाजी म्हणाले, "का फ्रान्सवाले चालले सोडून. आपण रस्त्यात असतानी थे गेले तं?"

"मंग आपण उतरू तवा आपलाच देश राह्यते," नत्थूजींनी खुलासा केला. "डोहाळे वाया."

नको, सुटीतच उरकून घेऊ, असं ठरलं, आणि ही बातमी कांताला सांगायला रूपराव मागच्या अंगणात गेला. जाता जाता त्याच्या लक्षात आलं की आठवडाभरात तिला कोणी काही विचारलंच नव्हतं.

कांता निंबाच्या सावलीत तुरीची डाळ निवडत बसली होती. मागच्या वेळेनंतर यशोदाबाईंनी तिला पाण्याला जायची, शेतात जायची, वाकायची, ओणवं व्हायची बंदी केली होती. डाळ निवडायची तेवढी मोकळीक होती, आणि कांताने ती डाळ इतक्यांदा निवडली होती की तीत आता खडा शोधायचा म्हणजे आधी टाकावा लागला असता.

"पाँडिचेरी ठरली," रूपराव म्हणाला. "फ्रान्स."

"तिथं कोणी वळखते का आपल्याले?"

"तिथं कोण ओळखणार? पण घाबरू नको, मी इंग्रजी—"

"मंग बरं हाय."

रूपराव भूगोलाचा मास्तर होता. कुठे, किती लांब, कोणत्या दिशेला, हे प्रश्न त्याला सुचत. हा कुठल्याच वर्गात बसत नव्हता. तो तिच्याजवळ जमिनीवर बसला.

"काऊन बरं आहे?"

कांता सुपातली डाळ इकडून तिकडे करत राहिली. "आयका ना," ती म्हणाली, "इथं जे बाई येते थे आधी माह्या पोटाकडे पाह्यते, मंग तोंडाकडे, मंग आवाज खाली करते. आत्याबाईनं सगळ्यायले सांगून ठेवलं, त्याचं नाव काढू नोका म्हून. कोणी काढत नाई. पण सगळ्यायले ठाऊक हाय आन् सगळ्या गप हायेत. मले वाटते, हे लेकरू पोटातून आयकत असन का आपल्या आधी घरात कोणीतरी मेलं अन् त्याच्याबद्दल बोलाचं नसते." ती थांबली. "जिथं कोणाले काई मालूम नाई तिथं मले थोडंसं बसून याचं हाय. फ्रान्स असो का कोणताई."

रूपरावने सुपातला एक दाणा उचलला, पाहिला आणि परत ठेवला. तोही त्या गप बसणाऱ्यांपैकीच होता. उलट घरात सगळ्यात सुशिक्षित असल्याने तो सगळ्यात नीट गप बसला होता.

"तुले मालूम आहे," तो म्हणाला, "पाँडिचेरीपर्यंत गाडीत दोन रात्री बसावं लागन."

"मले भेव वाटते गाडीचं," कांता म्हणाली. "हिसक्याचं. पण मागून बसली आता. आत्याबाईपुढं कसं फिरवू?"

म्हणजे परदेश हवा आणि हिसका नको, असं झालं. रूपराव ओसरीत परतला आणि नकाशासमोर उभा राहिला. जगाने त्याला काही मदत केली नाही. मग त्याने कांता जे बोलली होती ते वडिलांना जसंच्या तसं सांगितलं, आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. त्या घरात त्या बाळाबद्दल इतक्या मोठ्याने बोललेली ती पहिलीच वाक्यं. माजघरातला भांड्यांचा आवाज बंद पडला.

अण्णाजींनी सुपारी कातरायला घेतली.

"नदीपलीकडं काऊन नाई?" ते म्हणाले. "वर्धेच्या त्या अंगाले आपली ना सोयरीक, ना वळख."

"ते वऱ्हाड आहे, बाबा. परदेश कसा होईल?"

"काऊन नाई होत? इकडं भोसल्याचं राज्य होतं, तिकडं निजामाचं. इंग्रजानं निस्ता किरायानं घेतला होता थो मुलूख. माही आजी नदी पाहून म्हणे, थ्या मोंगलाईत जाऊ नोका रे, पोट्टेहो. आमी परमुलूख म्हणूनच मोठे झालो."

"निजाम गेला. आता दोन्हीकडे एकच सरकार आहे, नागपूरचं."

"सरकार एक झालं, गा. पण त्या गावात तुले कोणी वळखते का?"

 भूगोलात तसं काही शिकवत नसत.

अडचण एकच राहिली, आणि ती मोठी होती. गरवार बाईने नदी ओलांडायची नाही, हा नियम आष्टीत डोहाळ्यांच्या नियमाइतकाच पक्का होता, आणि दोन्ही नियम एकाच बाईच्या ताब्यात होते. दोघंही माजघराच्या दाराकडे बघायला लागले. यशोदाबाई दारात आल्या. डोळे पुसून आल्या होत्या, पण ते त्यांनी कांद्यावर घातलं, आणि त्या दिवशी घरात कांदा चिरलेला नव्हता.

"वैशाखातली नदी थे काय नदी राह्यते," त्या म्हणाल्या. "पायाची पोटरी बुडली तं नदी. नाई बुडली तं नाला. नाला ओलांडाले कोण नाई म्हणते? मी आधी उतरून पाहीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी दमणी निघाली. लहानूने बैल हाकले. कांता कडब्यावर दोन गाद्या घालून बसवलेली, रूपराव मागे पाय सोडून. अण्णाजी घरीच राहिले. सगळं घर परदेशी जाऊ नये म्हणून.

नदीवर आल्यावर यशोदाबाई खाली उतरल्या. लुगड्याचा काठ मुठीत धरून, हातात काठी घेऊन त्या पाण्यात शिरल्या आणि गाडीच्या पुढे पुढे चालायला लागल्या. काठीने खड्डा चाचपायच्या, लहानूला डावं-उजवं सांगायच्या, वाटेतला मोठा गोटा दिसला की पायाने सरकवायच्या. मध्यावर पाणी त्यांच्या गुडघ्याला लागलं. रूपरावने पाहिलं. कांतानेही पाहिलं.

"नाला हाय," यशोदाबाई मागे न वळता म्हणाल्या. "हळू आण, लहानू."

पलीकडच्या गावात बाजार होता. परदेश दिसायला बराचसा आष्टीसारखा होता. फक्त पालांचा रोख दुसऱ्या बाजूला होता आणि काकड्या जरा मोठ्या होत्या. रूपरावने कांताला हात देऊन उतरवलं. कोणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. कोणी आवाज खाली केला नाही. ती पालांमधून चालली तशी तिची चाल हळूहळू सैल होत गेली, आणि रूपरावच्या ध्यानात आलं की वर्षभर आपण तिला चालतानाच पाहिलं नव्हतं.

एका काकडीवालीपाशी ती थांबली. बाई वयाने यशोदाबाईंएवढी असेल. तिने कांताकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं, बसायला पोतं सरकवलं.

"पयलंच काय वं, माय?"

रूपराव जागच्या जागी थांबला. यशोदाबाईंचा हात त्याच्या मनगटावर आला. आता ही हो म्हणेल, त्याला वाटलं. त्याचसाठी तर नदी ओलांडली. इथे हो म्हटलं तर ते खोटं ठरवायला कोणी नव्हतं.

कांता पोत्यावर बसली.

"नाई," ती म्हणाली. "दुसरं हाय. पयला पोरगा होता. सातव्यात गेला."

"अवं माय," काकडीवाली म्हणाली, जराही आवाज खाली न करता. "माहे दोन गेले. मंग पाच झाले. त्यातला एक थो पाहा, पाल बांधून राह्यला, त्याले अजून गाठ मारता येत नाई." तिने काकडी चिरली, मीठ लावलं आणि पुढे केली. "तुहा कसा होता दिसाले?"

कांताच्या हातात काकडी तशीच राहिली.

"मी नाई पाह्यला. मी सुधीत नोयती. मले दाखवलाच नाई कोणी."

रूपरावनेही पाहिला नव्हता. त्याला बाहेर बसवलं होतं, आणि तो बसून राहिला होता.

यशोदाबाई पुढे आल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, काठी अजून हातात. त्या सुनेजवळ बसल्या, पण बोलल्या त्या काकडीवालीशी. सुनेशी बोलायला अजून जमत नसावं.

"मी पाह्यला," त्या म्हणाल्या. "ह्या हातात घेतला मी त्याले. गोरा होता. डोक्शावर केस होते मूठभर, काळेशार. बोटं इच्यासारखी, लांब."

कांताने आपली बोटं पाहिली.

"आनखी?" ती म्हणाली.

"हनुवटीले खळी होती. तुह्या सासऱ्याले हाय तशी."

"आनखी, आत्याबाई?"

यशोदाबाईंनी काठी खाली ठेवली. बाजूच्या गिऱ्हाइकाने काकडीचा भाव विचारला, तेव्हा काकडीवाली म्हणाली, घटकाभर थांब गा, इथं बोलणं चालू हाय. रूपराव पोत्याच्या कडेला बसला. लहानू येऊन निघायचं कधी विचारून गेला, मग पुन्हा विचारून गेला, आणि शेवटी त्याने बैल सोडून त्यांच्यापुढे कडबा टाकला.