बत्तीसचा ब्रेकर

आमचे हे, मुकुंदराव, सचिवालयातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी घरात अजून हुकूमच सोडतात.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात आमची हर्षदा पुण्याहून बाळंतपणाला हैदराबादला, आमच्या नल्लकुंट्याच्या घरी आली. नातवाला उकडू नये म्हणून यांनी एसी आणला, गल्लीतला पहिलाच. पण बाळाच्या आंघोळीसाठी गीझर लावला की ब्रेकर पडायचा आणि एसी बंद. त्यातून कुणी एसी बघायला आलेलं असलं की यांचा चेहरा बघवत नसे. ब्रेकर मुद्दाम अपमान करतो, असं यांचं ठाम मत झालं.

वीस वर्षं आमच्या घरची वायरिंग बघणाऱ्या अप्पारावला बोलावलं. त्यानं बोर्ड उघडला.

"साब, तार दीड एमेम का है. एसी को अलग चार एमेम का डालना पडता. दीवार फोडना."

भिंतीला बारशासाठी नुकताच रंग दिलेला.

"दीवार को हाथ नक्को लगाओ," हे म्हणाले. "दस अँपियर का ब्रेकर निकालो, बत्तीस का बिठाओ."

"ब्रेकर तार को बचाने वास्ते है, साब. बत्तीस डाले तो तार जलती, ब्रेकर गिरताइच नै. मेरे हाथ से नै होता."

अप्पाराव गेला. संध्याकाळी यांनी कोठीच्या बाजारातून दुसरा वायरमन आणला. तो प्रत्येक वाक्याला "जी साब" म्हणत होता. असली माणसं यांना बरोबर सापडतात. त्यानं दहा मिनिटांत बत्तीसचा बसवला.

आठ दिवस ब्रेकर पडला नाही. हे पाहुण्यांना त्यावरचा आकडा दाखवायचे, जणू परीक्षेत मिळालेले गुण. विजेला नियम समजावून सांगावा लागतो, असंही म्हणायचे.

नवव्या दिवशी बाळाला आंघोळ घालून पाळण्यात ठेवलं. पाळणा सरकवताना माझा हात भिंतीला लागला आणि चटका बसला. जळकट वास येत होता. मी बाळाला उचलून हर्षदाकडे दिलं आणि धावत जाऊन मेन बंद केला. ब्रेकर तसाच ताठ उभा होता.

अप्पारावनं येऊन भिंत फोडली. पाळण्याच्या बरोबर मागे वायरचं आवरण वितळून गेलेलं, आतली तार उघडी.

"एवढा मोठा ब्रेकर बसवायला कुणी सांगितलं?" यांनी विचारलं. खरंच विचारलं.

हर्षदा बाळाला छातीशी धरून उभी होती. तिनं यांच्याकडे पाहिलंही नाही.

"बाबांचं सोड, आई," ती म्हणाली. "अप्पाराव सांगत होते, तेव्हा तू ऐकत होतीस ना?"