आत उघडणारं दार

"शोकेसमध्ये मांडणार का मला?" आरपार काचेवर नखानं टिकटिक करत लिफ्टमामांनी विचारलं. "येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावं, भाव विचारावा?"

"तुम्हाला कोण विचारतंय भाव," मामी म्हणाल्या. "ती काळजी सोडा."

सेल्समन हसला. मामाही हसले. मामी मात्र बिजागऱ्या बघत होत्या.

दुकानाच्या मागच्या भागात काचेच्या न्हाणीघरांची रांग उभी होती. चौकट नाही, खांब नाही. माणसाहून उंच काच, आणि तिला पेलून धरणाऱ्या दोन-तीन बिजागऱ्या. शॉवर होते, पाणी नव्हतं. प्रत्येक न्हाणीघरात दिवा लागलेला आणि आत कोणीच नाही. जणू सगळे आत्ताच कुठेतरी निघून गेले होते.

मामांची सगळी नोकरी लिफ्टदुरुस्तीत गेली. अडकलेल्यांना बाहेर काढणं हे त्यांचं काम, आणि त्याच्या गोष्टी सांगणं हा खरा धंदा. एकदा म्हणे दोन मजल्यांच्या मध्ये हाडवैरी शेजारी अडकले. मामांनी दार उघडेपर्यंत ते व्याही झाले होते, आणि 'जरा थांबा हो, अजून मुहूर्त ठरायचाय' म्हणून त्यांनी दार परत ओढून घेतलं. या गोष्टींतलं निम्मं खरं असे. कुठलं निम्मं, ते मामांनाही सांगता येत नसे.

मागच्या आठवड्यातली गोष्ट मात्र ते कोणालाच सांगत नव्हते. न्हाणीघरात त्यांना भोवळ आली आणि ते नेमके दाराशी पडले. दार आत उघडणारं. बाहेरून मामी ढकलतायत आणि आतून मामांचंच वजन दार दाबून धरतंय. सुतार येऊन फळी कापेपर्यंत मामी दाराला कान लावून उभ्या होत्या. आत पाण्याची धार चालू होती. बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, भोवळ पुन्हा येणार. कधी, ते सांगता येत नाही.

म्हणून ते दार जाऊन काच येणार होती.

"धुरकट काच घेऊ," मामा म्हणाले. "माणसाला थोडी अब्रू असू दे."

"धुरकट काचेत पडलेला माणूस आणि पडलेला टॉवेल सारखाच दिसतो."

सेल्समनला उगाचच खोकला आला.

"अगं, म्हणजे मी आंघोळ करणार आणि तू बघत बसणार?"

"इतकी वर्षं बघितलं ते काय कमी आहे? मी पाठ फिरवून बसेन. तुम्ही फक्त बोलत राहा."

"आणि बोलायचं थांबलो तर?"

"तर वळेन."

मामांनी यावर विनोद केला नाही. आरपार काच ठरली.

राहिली बिजागरी. "काकू, तुमचं बेसिन दारासमोरच आहे ना?" सेल्समन म्हणाला. "मग दार बाहेर उघडलं की बेसिनवर आपटणार. तुम्ही आपलं आत उघडणारंच घ्या. ही बघा, लोण्यासारखी चालते."

"बेसिन हलवू."

"अगं, फरशी उकरावी लागेल, नळ फिरवावे लागतील," मामा वैतागले. "एवढा खटाटोप कशाला? मी काय रोज पडणार आहे?"

"रोज नकोच. एकदा पुरतं."

मग मामांमधला लिफ्टवाला जागा झाला. "वाद कशाला? करून बघू," असं म्हणत ते आत उघडणाऱ्या दारामागे शिरले. चष्मा काढून खिशात ठेवला, पँट गुडघ्यांशी वर ओढली, हळूच खाली बसले आणि दाराला पाठ लावून ऐसपैस आडवे झाले.

"मेलो!" त्यांनी आतून जाहीर केलं. "ढकला आता!"

मामींनी ढकललं. सेल्समननं खांदा लावला. मामांचा शर्ट काचेला चपटा झाला, दार काही उघडलं नाही. पलीकडे नळ निवडणारं एक जोडपं हसत हसत जवळ आलं. प्रेक्षक मिळाल्यावर मामा थांबतात कसले! बोलावल्यासारखे झटक्यात उठले आणि शेजारच्या, बाहेर उघडणाऱ्या न्हाणीघरात गेले. आत शिरून दार लावून घेतलं.

"लक्ष द्या मंडळी," ते काचेआडून म्हणाले, "हा शेवटचा खेळ."

त्यांनी मानवंदनेसाठी हात वर केला आणि कोसळले.

पडणं इतकं झकास झालं, की जोडप्यानं टाळ्या वाजवल्या. "काका नाटकात होते का हो?" सेल्समननं विचारलं.

मामी काचेतून बघत होत्या. या वेळी मामांनी चष्मा काढला नव्हता. तो गालाखाली वाकडा होऊन पडला होता.

मामींनी हँडल ओढलं. दार मामांना न लागता, आवाज न करता बाहेर आलं. त्या आत जाऊन उंबऱ्याशी बसल्या. मामांचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. "अहो," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, "अहो."

"काकू, आता उठवा त्यांना, हसून हसून पोट दुखलं माझं!"

"पाणी आणा," मामी म्हणाल्या.

सेल्समननं त्यांच्याकडे पाहिलं आणि तो धावला. जोडप्याचे हात तसेच हवेत राहिले.

मामांचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. बऱ्याच वेळानं पापणी हलली. डोळे आधी दिव्यावर गेले, मग मामींवर, मग ग्लास घेऊन उभ्या असलेल्या सेल्समनवर.

"उघडलं का गं?"

"उघडलं."

"एका हातानं?"

"एका हातानं."

मामांनी श्वास गोळा केला. "काय रे," ते सेल्समनला म्हणाले, "घाबरलास की नाही? कसं फसवलं!"

सेल्समन मामींकडे बघत राहिला. मामींनी चष्म्याची काडी सरळ केली, भिंग रुमालानं पुसलं, चष्मा मामांच्या नाकावर नीट बसवला.

"मीसुद्धा फसले मेली," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग जोडपं हसलं. सेल्समनही हसला, एकदाचा सुटल्यासारखा.

"मग काकू, हीच धरू ना? बिजागरी काळी देऊ की सोनेरी?"

"कुठलीही चालेल. बाहेर उघडणारी."

"शिवाय ही आपोआप मिटते. सोडलं की झालं, लावावं लागत नाही."

मामींनी मान हलवली. मामांना उठायला अजून वेळ होता. उघडं दार मामींनी पाठीनं अडवून धरलं होतं, आणि ती काच मागून हलकेच, न थांबता त्यांना ढकलत होती.